माझी घर

मुलांनो, आज माझ्याबरोबर एक कल्पना करा. तिसरीत असताना तुम्ही लिहिलेलं पहिलं वाक्य कुणीतरी जपून ठेवलं आहे. त्याबरोबर, ते लिहिताना तुमचा हात कुठे अडखळला, कोणतं अक्षर खोडलं, वेलांटी पहिली की दुसरी या विचारात पेन किती वेळ हवेत राहिलं, हेही ठेवलं आहे. चौथीतलं ठेवलं आहे, पाचवीतलं ठेवलं आहे. आता पुढची कल्पना जरा अवघड आहे. हे सगळं जपणारी तुमची आई नाही. जो जपतो त्याला तुमचं कौतुक नाही आणि तुमचा रागही नाही. त्याला एकच प्रश्न विचारता येतो. हे तूच लिहिलंस कशावरून?

जमलं? मग चला सोलापूरला, अजून पंधरा-वीस वर्षांनी.

त्या सोलापुरात उन्हाळा इतका वाढला होता, की शाळा सकाळी साडेसहाला भरायची आणि अकराला सुटायची. पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या गल्लीत एक शाळा होती. तिच्या नववीच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर, सहस्रा मादगुंडीने आपली पाटी उघडली. ही पाटी दगडी नव्हे हं. काचेची, पातळ, तिच्यावर खास पेनाने लिहायचं आणि लिहिलेलं सगळं तिच्या पोटात राहायचं. सहस्राने आठ दिवसांपूर्वी निबंध दिला होता. त्याच्याखाली लाल पट्टी आली होती.

'लेखन विद्यार्थिनीचे नाही. शेरा तिसरा.'

शेजारच्या रांगेतल्या प्रज्योतला ती पट्टी तिच्याआधी दिसली.

"ए, कोंडा झाली बे! तिसऱ्यांदा कोंडा!"

"गप ए," सहस्रा म्हणाली.

"आमच्याकडं कशाला बघायलीस? मशीनला सांग की, माझी घर, माझी घर!"

वर्ग हसला. सहस्राने पाटी पालथी घातली.

कोंडा म्हणजे काय, ते सांगतो. त्या यंत्रणेचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण मुलं तिला चाळणी म्हणायची. पीठ चाळलं की खाली पडतं ते खायचं, वर उरतो तो कोंडा. ज्याचं लेखन चाळणीतून खाली येत नसे, तो कोंडा. मुलांना अशी नावं ठेवायला शिकवावं लागत नाही.

ही चाळणी आली कशी? लिहून देणारी यंत्रं आली, तेव्हा मुलं निबंध, प्रकल्प, शास्त्राचे अहवाल सगळं त्यांच्याकडून लिहून घेऊ लागली. मग ते ओळखणारी यंत्रं निघाली. त्यांची युक्ती सोपी होती. मी म्हटलं, 'आकाशात ढग दाटून...' तर तुम्ही पुढे काय म्हणाल? 'आले'. सगळे तेच म्हणाल. लिहिणारं यंत्र बहुतेक वेळा असाच मळलेल्या वाटेचा शब्द निवडतं. माणूस मधेच आडरानात शिरतो. म्हणून ओळखणारी यंत्रं मोजायची, की पुढचा शब्द किती अपेक्षित होता. सगळेच शब्द अपेक्षित निघाले तर लेखन यंत्राचं.

पण ही युक्ती दोन्हीकडून फसली. लबाड मुलं लिहिणाऱ्या यंत्रालाच सांगू लागली, 'नववीतल्या मुलासारखं लिही आणि चार ऱ्हस्वदीर्घ चुकव.' ती सुटायची. आणि साधं, सरळ लिहिणारी गरीब मुलं पकडली जायची.

मग तज्ज्ञांनी दिशाच उलटी केली. यंत्राला शोधायचं सोडा, ते म्हणाले, मुलालाच ओळखा. कारखान्यात धागा तुटला की माग थांबतो आणि कामगार गाठ मारून तो जोडतो. मुरलेला मुकादम कापडावर बोट फिरवून सांगतो, ही गाठ कुणाच्या हातची. तसंच लेखनाचंही असतं. प्रत्येकाची वाक्यं किती लांब, कुठे तो 'आणि' घालतो, कोणती चूक पुन्हा पुन्हा करतो, या सगळ्याचा मिळून एक ठसा होतो. तिसरीपासूनच्या लेखनातून प्रत्येक मुलाचा असा लेखनठसा काढायचा. मूल वाढतं, तसा ठसाही थोडा वाढायला हवा. राज्यभरची मुलं वर्षाला सरासरी किती सुधारतात ते पाहून तज्ज्ञांनी वाढीची एक रेघ आखली. तुमचं लेखन त्या रेघेच्या आसपास असेल तर ते तुमचं.

आणि रेघेच्या फार वर गेलं तर?

कोनापुरे मॅडमनी सहस्राला मधल्या सुट्टीत बोलावलं. त्या तिच्या वर्गशिक्षिका होत्या. त्यांनी पडद्यावर एक निळी रेघ दाखवली, हळूहळू चढत जाणारी. तिच्या खूप वर तीन लाल ठिपके होते.

"ही निळी म्हणजे तू. चाळणीला माहीत असलेली तू. आणि हे ठिपके म्हणजे या वर्षीचे तुझे तीन निबंध."

"इतके वर, मॅडम?"

"इतके वर."

क्षणभर सहस्राला आनंदच झाला. मग मॅडमचा चेहरा बघून तो उतरला.

"मी सुधारले की, मॅडम."

"एका वर्षात कुणी इतकं सुधारत नाही, असं तिचं म्हणणं. यात दुसऱ्या कुणाचा तरी हात आहे म्हणते ती."

"पण मग ही रेघ वर का नाही गेली? पहिला निबंध मी जूनमध्ये दिला होता."

"लाल झालेलं लेखन ठशात धरत नाहीत, बाळ. दुसऱ्याचं लेखन तुझ्या ठशात मिसळायला नको म्हणून."

सहस्रा बोटांवर काहीतरी मोजत राहिली. "म्हणजे ठसा जुना, म्हणून निबंध लाल. आणि निबंध लाल, म्हणून ठसा जुनाच?"

मॅडमनी मान डोलावली.

"मग मी कधी मोठी होणार?"

"तुझ्यावर माझा विश्वास आहे," मॅडम म्हणाल्या, "पण माझी साक्ष धरत नाहीत. पूर्वी धरायचे. तेव्हा काही शिक्षकांनी आपल्या क्लासच्या मुलांसाठी खोट्या साक्षी दिल्या, तेव्हापासून बंद झालं." त्यांनी पडदा मिटला. "एक फेरपडताळणी मिळते. सोमवारी. चाळीस मिनिटं, एक कागद, समोर बसून हाताने लिहायचं."

"मग सोपं आहे की! तुमच्यासमोर लिहिते."

"समोर लिहिलेलंही त्याच ठशाशी ताडतात, सहस्रा. जुळलं नाही तर म्हणतात, बाहेरून कुणाकडून लिहून घेतलं आणि पाठ करून आली." मॅडम उठल्या, त्यांनी दार लोटलं आणि परत येऊन अगदी हळू म्हणाल्या, "सातवीत लिहायचीस ना, तसं लिही. समजलं? जुन्यासारखं."

सोमवारी शेरा कायम झाला, तर सहस्रा पर्यायी तुकडीत जाणार होती. त्या तुकडीत लिहायचं नसे. चार उत्तरं समोर येत, एकावर बोट ठेवायचं. दहावी तशीच, त्यापुढचंही तसंच. त्या तुकडीतून निघालेल्याला ज्या कामात स्वतःच्या हाताने लिहावं लागतं, असं कुठलंच काम पुढे मिळत नसे. आणि सहस्राला मराठीची शिक्षिका व्हायचं होतं.

हसू नका. वर्गात तेवढ्यासाठीच तिला हसत होते.

सहस्राच्या घरी तेलुगू बोलायचे. पूर्व भागातली शेकडो घरं तशी आहेत. पणजोबांच्या आधी कधीतरी तेलंगणातून माणसं मागावर काम करायला आली आणि इथलीच झाली. आता तेलुगूत एक मजा आहे. मराठीत तो, ती, ते अशी तीन खाती. तेलुगूत एकवचनात दोनच. पुरुष तेवढे एकीकडे. बायका, जनावरं, झाडं, भांडी, मोटारी, घरं सगळं दुसरीकडे. आईसाठी जे क्रियापद, तेच कपाटासाठी. त्यामुळे मराठी लिहिताना सहस्रा सगळ्या वस्तूंना आईच्या ओळीत बसवायची. 'ती पुस्तक फाटली.' 'ती झाड मोठी आहे.' पाचवीत तिने फळ्यावर लिहिलं, 'माझी घर', आणि तेव्हापासून तेच तिचं नाव पडलं.

आठवीत असताना एका दुपारी ती ऊन टाळायला नगरवाचनालयात शिरली. खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे होते. कोपऱ्यातल्या टेबलाशी उमराणीकर सर बसले होते. ते मराठीचे शिक्षक, निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली. रोज दुपारी ते तिथे बसत. सहस्राने ग्रंथपालांना विचारलं, "ती शब्दकोश कुठं आहे?" आणि स्वतःच जीभ चावली.

"कपाटात आहे ती," सर कोपऱ्यातून म्हणाले. "घरी तेलुगू का गं?"

"हो."

"मग बरोबरच आहे. तू चुकत नाहीस, तू मराठीच्या मागावर तेलुगू विणतेस. इकडे ये."

त्यांनी वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारल्या. तीन रकाने झाले. वर लिहिलं, तो, ती, ते. "नियम विचारू नकोस. सगळ्यांना लागू पडेल असा नियम नाही. एकेक शब्द उचलायचा, तोंडात घोळवायचा आणि त्याच्या घरी पोचवायचा."

"किती शब्द आहेत, सर?"

"सुरू तर कर."

चौदा महिने ती रोज दुपारी तिथे गेली. माग, तो. गाठ, ती. सूत, ते. सर लाल पेनाने खूण करायचे, कधी आवाज चढवायचे नाहीत. चौथ्या महिन्यात ती रकान्यांच्या बाहेर पडून वाक्यं लिहू लागली, आठव्या महिन्यात पानं. सर जसं बोलायचे तसं तिचं मराठी होऊ लागलं. वाक्य आखूड, शेवटी नेमकं क्रियापद. कुणाबरोबर रोज चाललं की आपली पावलंही त्याच्यासारखी पडू लागतात, तसंच. चाळणीला त्या लेखनात दुसऱ्याचा हात दिसला, तो खोटा नव्हता. पण तो हात लिहिणारा नव्हता, शिकवणारा होता. हा फरक कुठल्या रेघेत बसवायचा, ते तज्ज्ञांच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिसरा शेरा आला त्या दिवशी शाळा सुटल्यावर सहस्रा घरी आली. तिचे वडील, अंबादास, कारखान्यातून जेवायला आले होते. ती त्यांना नायना म्हणे. आई, राजमणी, टॉवेलांचे काठ शिवायची. मशीनवरून न उठताच तिने सगळं ऐकलं.

"मग चूक लिही की," अम्मा तेलुगूत म्हणाली. "त्यात काय एवढं? आधी लिहायचीसच ना?"

"आता येत नाही गं अम्मा."

"चूक करायला येत नाही म्हणे! ऐकलंत का? लोकांच्या पोरी परीक्षेत बरोबर यावं म्हणून रडतात."

"अम्मा, थट्टा करू नकोस."

अम्माने मशीन थांबवली. तिचे डोळे थट्टेचे नव्हते. "मी तुझ्याएवढी असताना शाळा सोडली. मला कुणी चूक लिहायचीसुद्धा संधी दिली नाही. चार ओळी वेड्यावाकड्या लिहून तुझं आयुष्य वाचत असेल, तर लिहून ये. घरी आल्यावर बरोबर लिही, हवं तेवढं."

नायना ताटात बोट फिरवत होते. ते फार बोलायचे नाहीत.

"एकदा पुण्याहून माल परत आला होता," ते म्हणाले. "गाठी जाड पडल्या म्हणून. मुकादमाने बोट फिरवलं आणि म्हणाला, ही अंबादासची गाठ. मी त्या दिवशी कामावरच नव्हतो. माझ्या बदली ताता गेले होते." ताता म्हणजे सहस्राचे आजोबा. ते आता नव्हते. "मला गाठ मारायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्यासारखीच पडते माझी."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"म्हाताऱ्याचं नाव सांगू?"

"मग?"

"मग काय. ऐकून घेतलं." ते हात धुवायला उठले. मोरीपाशी उभे राहून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "माझी गाठ आठ दिवसांत विसरले सगळे. तुझं तसं नाही. अम्मा म्हणते ते कर."

दुपारी ती वाचनालयात गेली. उमराणीकर सरांनी सगळं ऐकलं. बराच वेळ ते चष्म्याची काच धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. काच कधीच स्वच्छ झाली होती.

"सातवीची वही आहे तुझी?"

तिने ती आणलीच होती. सरांनी पानं उलटली. त्यात एक जुना निबंध होता. 'आमची माग आजारी आहे. ती सकाळपासून बोलत नाही. नायना तिच्याजवळ बसले आहेत.' शेवटच्या वाक्यात आधीचं 'बसली' खोडून 'बसले' केलेलं होतं. सर ते वाचून हसले, मग हसायचे थांबले.

"इथे माणूस आणि मागात फरक केलास बघ तू. नायनांच्या बाबतीत चूक सुधारलीस. मागाला मात्र ती म्हणत राहिलीस. म्हणजे तुझ्या चुकांनाही शिस्त होती. चाळणीला ती शिस्त ठाऊक आहे. कुठेही चुकून चालणार नाही. जिथे चुकायचीस, तिथेच चुकायला हवं." त्यांनी कोरं पान तिच्यापुढे सरकवलं. "लिही. मी सांगतो तसं. माझी घर लहान आहे."

सहस्राने लिहिलं. सरांनी वाकून पाहिलं. तिने लिहिलं होतं, 'माझे घर लहान आहे.'

"हात आपोआप गेला, सर."

"असू दे. पुन्हा. माझी घर."

'माझे घर.'

"पुन्हा."

सहाव्या वेळीही तेच झालं. सरांच्या कपाळावर घाम आला होता. पडदे ओले होते, पंखा चालू होता, तरी आला होता. सातव्या वेळी त्यांनी लाल पेन उचललं आणि 'माझे' या शब्दावर मोठी फुली मारली.

"चूक! किती वेळा सांगायचं? चूक आहे हे! माझी लिही!"

वाचनालयातली दोन माणसं मान वर करून बघू लागली. चौदा महिन्यांत सर पहिल्यांदाच ओरडले होते.

सहस्रा त्या फुलीकडे बघत राहिली. तिने अगदी जपून, मोठ्या माणसाशी बोलतात तसं म्हटलं, "सर, तुम्ही बरोबरला चूक दिलीत."

उमराणीकर सरांनी पेनाचं टोपण लावायचा प्रयत्न केला. ते लागेना. शेवटी तिनेच त्यांच्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं आणि त्यांच्या खिशाला अडकवलं.

"एकोणसाठ वर्षं झाली या पेनाला," सर म्हणाले. "अशी फुली कधी मारली नव्हती." मग थोड्या वेळाने, "पण लिहून ये, सहस्रा. वाटेल ते करून चाळणीचा हिरवा दिवा लागू दे. तू त्या तुकडीत गेलीस, तर मी तुला शिकवलंच नसतं तर बरं झालं असतं, असं मला मरेपर्यंत वाटेल."

"असं बोलू नका, सर."

"मग सराव कर. चल. माझी घर."

त्या दुपारी त्यांनी दोनशे चुकांचा सराव केला. तीन वाजेपर्यंत तिचा हात ऐकू लागला. सरांनी एकाही चुकीवर खूण केली नाही.

सोमवार उजाडला. शाळेच्या प्रयोगशाळेत एकच टेबल मांडलं होतं. टेबलावर एक कागद, पेन आणि कोपऱ्यात अंगठ्याएवढा दिवा. वरचा कॅमेरा कागद वाचत होता आणि लिहिता लिहिताच चाळणी निकाल देत होती. ठशाशी जुळलं की दिवा हिरवा, शंका आली की पिवळा, नाहीच जुळलं तर लाल. चाळीस मिनिटं संपताना जो रंग असेल तो कायम. लिहिताना दिवा दिसावा की नाही यावर म्हणे तज्ज्ञांचे वाद झाले होते. मुलाला अन्याय वाटू नये म्हणून तो दिसू द्यायचं ठरलं.

कोनापुरे मॅडम समोर बसल्या होत्या. भिंतीवरच्या पडद्यावर विषय उमटला.

'माझे घर.'

सहस्राने मान वर केली. मॅडमनी डोळे मिटले. विषय चाळणीच काढायची, मुलाच्या जुन्या लेखनातून, त्याचा ठसा नीट उमटेल असा.

सहस्राने पेन उचललं.

'माझी घर लहान आहे.'

दिवा हिरवा झाला. मॅडमनी श्वास सोडला, तो तिला ऐकू आला.

'घराची दार निळी आहे. ती सकाळी लवकर उघडते.' हिरवा. 'आमच्या घरात एक स्वयंपाकघर आहे. ती पण लहान आहे.' हिरवा. हात छान चालला होता. दहा मिनिटं गेली. बाहेर गल्लीत माग चालू होते, खटखट खटखट, आणि त्यांपैकी एक थांबला. तिला कळलं, तिथे कुणीतरी आता गाठ मारत असेल.

मग तिने लिहिलं, 'घराच्या शेजारी कारखाना आहे. तिथे नायनांची माग आहे. ती...'

आणि पेन हवेत राहिलं.

सातवीत तिने हेच लिहिलं होतं. तेव्हा तिला माग खरोखरच 'ती' वाटायचा. अम्मासारखा, रागावला की न बोलणारा. तेव्हा ती चूक होती. आज तिला माहीत होतं की तो 'तो' आहे. आज हेच वाक्य लिहिलं, तर ते खोटं होतं. दहा मिनिटं ती एकामागून एक खोटं लिहीत होती आणि खोटं पकडायला आणलेला तो दिवा दर वेळी हिरवा होत होता.

तिने दिव्याकडे पाहिलं. तो हिरवाच होता, शांत.

"लिही, बाळ," मॅडम कुजबुजल्या. त्यांना बोलायची परवानगी नव्हती. "चांगलं चाललंय. लिही ना."

सहस्राने लिहिलेल्या सगळ्या ओळींवर एक सरळ रेघ मारली. मग कागद पालथा केला. कोऱ्या बाजूवर वरपासून खालपर्यंत दोन उभ्या रेघा ओढल्या. पट्टी नव्हती, तरी त्या सरळ आल्या. तीन रकाने झाले. डोक्यावर तिने लिहिलं, तो, ती, ते.

दिवा पिवळा झाला.

पहिल्या रकान्यात तिने लिहिलं, माग. त्याखाली धोटा, धागा, आवाज, दिवा. दुसऱ्यात गाठ, पाटी, चाळणी, चूक. तिसऱ्यात सूत, दार, पुस्तक, झाड. आणि मग, जरा ठळक, घर.

दिवा लाल झाला.

"सहस्रा, हे काय करतेस?" मॅडम उठून उभ्या राहिल्या. "अगं, अजून वेळ आहे. कागद उलट. बाळ, माझं ऐक. हे कुणी वाचणार नाहीये."

"तुम्ही वाचा ना, मॅडम," सहस्रा म्हणाली. तिने मान वर केली नाही. ती शब्द उचलत होती, तोंडात घोळवत होती आणि त्याच्या त्याच्या घरी पोचवत होती. ओठ हलत होते. रुमाल, तो. सुई, ती. लोकर, ती. बोट, ते. कुठेही पेन थांबत नव्हतं. मॅडम टेबलाशी आल्या आणि तिच्या खांद्यावरून बघत उभ्या राहिल्या. एकेक शब्द त्याही मनात म्हणत होत्या, आणि एकही चुकत नव्हता. लाल उजेड कागदाच्या कडेवर पडला होता. पान भरत आलं. अक्षर बारीक झालं, दाट झालं, आणि शेवटच्या ओळीत तीन शब्द दाटीवाटीने मावले.

घड्याळात अजून सोळा मिनिटं होती.

सहस्राने पेन खाली ठेवलं, बोटं मोडली आणि दहावीच्या परीक्षेत मोठी मुलं करतात तसा उजवा हात सरळ वर केला.

"मॅडम," ती म्हणाली, "पुरवणी द्या."